मदरबोर्ड बदलण्याआधी विंडोजचा परवाना बघा : संगणक खरेदी करणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, प्राचार्य, पतसंस्थांचे व्यवस्थापक, ग्रामपंचायती आणि छोट्या कार्यालयांत संगणक खरेदीच्या कागदावर सही करणारे सर्व पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

बोर्ड उडतो, नवा बसतो, मशीन सुरू होते, विंडोजही उघडते. मग काही दिवसांत पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही पुसट अक्षरे उमटतात आणि आम्हाला फोन येतो, "दुरुस्तीला तुम्हीच आला होतात, आता विंडोजचेही तेवढे बघून टाका." 'बघून टाका' म्हणजे परवाना न घेता क्रॅक मारून विंडोज चालू करा, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. तसे बघून टाकायचे नसेल तर काय करता येते, आणि त्यातले बरेचसे बोर्ड उडण्याआधीच का करून ठेवावे लागते, हे एकदा सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

विंडोजचा परवाना हार्ड डिस्कवर असतो, असा पुष्कळांचा समज आहे. विंडोज १० पासून तरी तसे नाही. मशीनमधल्या भागांवरून एक ओळख तयार होते, ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते आणि त्या नोंदीलाच डिजिटल लायसन्स म्हणतात. या ओळखीत मदरबोर्डचे वजन सगळ्यात जास्त. म्हणून रॅम ८ जीबीची १६ केली, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, ग्राफिक्स कार्ड टाकले, तर परवान्याला सहसा धक्का लागत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून कोरी एसएसडी लावली तरीही नाही. विंडोज चढवताना 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडायचे, आधी होम होते तर होम आणि प्रो होते तर प्रोच घ्यायचे आणि इंटरनेट जोडायचे, ॲक्टिव्हेशन आपोआप होते. अशा कामासाठी नवी 'की' (ॲक्टिव्हेशनची पंचवीस अक्षरी चावी) विकत घ्यायला कोणी सांगत असेल तर घेऊ नका. मदरबोर्ड बदलला की मात्र सर्व्हरच्या लेखी ते दुसरेच मशीन असते.

पुढे काय करता येईल हे परवाना कोणत्या प्रकारचा आहे यावर ठरते, आणि बहुतेक कार्यालयांत नेमकी हीच माहिती कोणाकडे नसते. ब्रँडेड डेस्कटॉप किंवा लॅपटॉपबरोबर आलेली विंडोज म्हणजे ओईएम (मशीन बनवणाऱ्यामार्फत आलेला) परवाना. तो त्या मशीनबरोबर जन्मतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. बोर्ड सदोष झाला म्हणून त्याच उत्पादकाचा तसाच किंवा समकक्ष बोर्ड बसवला तर परवाना चालू राहतो. वेग वाढवायचा म्हणून वेगळा बोर्ड टाकला तर नियमाने तो नवा संगणक ठरतो आणि त्याला नवा परवाना लागतो. असेंबल्ड मशीनसोबत मिळणारा स्टिकरवाला परवानाही ओईएमच असतो, ही गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो. डबाबंद किंवा ऑनलाइन घेतलेला रिटेल परवाना एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतो, मात्र एका वेळी एकाच. तिसरा प्रकार व्हॉल्यूम परवान्याचा, तो महाविद्यालये आणि मोठ्या संस्थांकडे असतो. त्याबद्दल पुढे.

आपल्याकडे काय आहे हे बघायला तंत्रज्ञाची गरज नाही. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत 'एसएलएमजीआर', एक स्पेस, तिरकी रेघ (/) आणि 'डीएलआय' टाइप करून एंटर मारा. दोन-चार सेकंदांनी छोटी खिडकी उघडते. तिच्यातल्या 'डिस्क्रिप्शन' या ओळीच्या शेवटी 'ओईएम', 'रिटेल' किंवा 'व्हॉल्यूम' यांपैकी एक शब्द असतो. त्याखाली 'पार्शल प्रॉडक्ट की' म्हणून पाच अक्षरे दिसतात. ती पाच अक्षरे प्रो एडिशनवर '३व्ही६६टी' किंवा होमवर '८एचव्हीएक्स७' असतील, तर ती तुमची की नव्हे. डिजिटल लायसन्स असलेल्या लाखो मशीनवर तीच सरसकट की बसलेली असते. की वाचून दाखवणारे एखादे सॉफ्टवेअर वापरून ही पंचवीस अक्षरे कागदावर उतरवायची आणि 'लायसन्स जपून ठेवले आहे' म्हणून फायलीला लावायची, हा प्रकार आम्ही कित्येक कार्यालयांत बघतो. त्या कागदाने विंडोज चढेल, ॲक्टिव्हेट होणार नाही.

त्याच चौकटीतून आणखी एक गोष्ट कळते, थोडी अडचणीची. 'डीएलआय'च्या जागी 'एक्सपीआर' लिहा. ओईएम आणि रिटेल मशीनवर 'परमनंटली ॲक्टिव्हेटेड' असे उत्तर येते. तिथे एखादी तारीख आली, आधीच्या खिडकीत 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' (केएमएस म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून व्हॉल्यूम परवाना चालू करण्याची पद्धत) लिहिलेले असले आणि तुमच्या संस्थेने व्हॉल्यूम करार कधी केलेलाच नसला, तर कोणीतरी मागे 'बघून टाकले' आहे असे समजा. असे क्रॅक, म्हणजे ॲक्टिव्हेटर, चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि ज्या मशीनवर तो बंद झाला त्याच मशीनवर पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या नोंदी असतात. बाजारात शे-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या 'ओरिजिनल की'चीही तीच गत. त्यांतल्या पुष्कळशा दुसऱ्या कोणाच्या तरी व्हॉल्यूम करारातून फुटलेल्या असतात. आज चालतात, पुढे कधीतरी ब्लॉक होतात, आणि बोर्ड बदलला की हमखास अडतात.

आता शाळांच्या संगणक कक्षांविषयी, कारण सध्या सगळ्यात जास्त अडचण तिथे येते. २००९ ते २०१४च्या सुमारास घेतलेल्या मशीन विंडोज ७च्या होत्या. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आले, वर्षभर फुकट अपग्रेड मिळाले आणि या मशीन १० वर गेल्या. त्यांना १० ची स्वतंत्र की कधी मिळालीच नाही, फक्त बोर्डाला बांधलेले डिजिटल लायसन्स मिळाले. ती मुदत २०१६ मध्ये संपल्यावरही कॅबिनेटवरच्या स्टिकरची विंडोज ७ ची की टाकली की विंडोज १० ॲक्टिव्हेट होत असे. सगळे त्याच्याच भरवशावर होते. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा रस्ता बंद केला. म्हणजे आज अशा मशीनचा बोर्ड गेला आणि लायसन्स कोणत्याही अकाउंटला जोडलेले नसले, तर स्टिकरचा उपयोग शून्य. त्यातून बाजारात त्या जुन्या प्रोसेसरसाठी मिळतात ते एच६१ किंवा एच८१ चिपसेटचे बोर्ड. त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, कारण त्याला टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षा-चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा मशीनसाठी नवा विंडोज परवाना घेणे आम्हाला पटत नाही. बोर्ड बदलायचाच असेल तर त्यावर उबुंटू किंवा सी-डॅकचे बॉस लिनक्स टाका. लिब्रेऑफिस, ब्राउझर आणि इनस्क्रिप्टमधले मराठी टायपिंग त्यात नीट चालते. अडते ते युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांवर. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात आणि हे काम वेळखाऊ आहे, एवढे सांगून ठेवतो.

बाकीच्या चालत्या मशीनसाठी जे करायचे ते आजच, मशीन जिवंत असताना करायचे आहे, ते म्हणजे डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडणे. ही सोय ऑगस्ट २०१६ च्या अपडेटपासून आहे आणि फुकट आहे. पहिली खबरदारी अकाउंटची. ते संस्थेच्या नावाचे हवे, पण 'वर्क ऑर स्कूल' प्रकारचे नको. या कामाला वैयक्तिक प्रकारचेच अकाउंट चालते. म्हणून संस्थेच्या ईमेलवर एक साधे अकाउंट उघडा. त्याला जोडलेला मोबाइल नंबर कार्यालयाचा असू द्या. तो लिपिकाचा असला आणि त्यांची बदली झाली, तर बोर्ड बदलण्याच्या दिवशी ओटीपी दुसऱ्या तालुक्यात जाईल. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून तिजोरीत.

दुसरी खबरदारी नावांची. नव्या मशीनला विंडोज 'डेस्कटॉप' आणि पुढे अगम्य अक्षरे असे नाव देते. वीस मशीन एकाच अकाउंटला जोडल्या आणि त्यांतली एक बिघडली की यादीतून तीच ओळखणे अशक्य होते. म्हणून आधी 'सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट' इथे 'रीनेम धिस पीसी' करून लॅब१-०७ असे नाव द्या, रीस्टार्ट करा, मग 'ॲक्टिव्हेशन'च्या पानावर 'ॲड ॲन अकाउंट'मधून साइन इन करा. जोडणी झाली की त्या पानावर 'डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट' अशी ओळ येते. ती दिसेपर्यंत काम झाले असे धरू नका. नंतर पुन्हा लोकल अकाउंटवर आलात तरी जोडणी राहते. यायलाच हवे खरे तर, कारण तसे न केल्यास वनड्राइव्ह डेस्कटॉपवरच्या फायली आपल्या फोल्डरमध्ये ओढायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी 'माझी एक्सेल गेली' म्हणून आरडाओरडा होतो.

साइन इन केल्याचा आणखी एक परिणाम आहे, तो परवान्यापेक्षा गंभीर आहे. नव्या मशीनवर, विशेषतः लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने प्रवेश केला की डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होऊ शकते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ते जास्तच सरसकट झाले आहे. त्याची चावी बोर्डावरच्या टीपीएममध्ये असते. बोर्ड बदलला की टीपीएम नवा, आणि चालू करताच निळा पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही आतला डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही, आम्ही नाही आणि डेटा रिकव्हरीवालेही नाहीत. परवाना विकत मिळतो, हा डेटा मिळत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:' ही आज्ञा इंग्रजीत दिली की ते ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत दिसतात. एन्क्रिप्शन नसेल तर तेही तिथेच कळते. आकडे मशीनच्या नावासह कागदावर घ्या. अकाउंटला जोडलेल्या मशीनची की त्या अकाउंटच्या पानावरही सापडते. ठरवून बोर्ड बदलत असाल तर आदल्या दिवशी एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून डिस्क मोकळी होऊ द्या. विंडोजचा पिनही बोर्डाबरोबर जातो, त्यामुळे पासवर्ड आठवतोय ना, याची खात्री करा.

प्रत्यक्ष बोर्ड बदलताना परवान्याआधी अडवणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत. जुना बोर्ड जुन्या लेगसी पद्धतीने बूट होत होता की नव्या यूईएफआयने, आणि साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) एएचसीआय होता की रेड, हे नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) तसेच ठेवावे लागते. नाहीतर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येते, मग कोणीतरी घाईने फॉरमॅट मारतो, आणि फॉरमॅटची मुळात गरजच नसते. दुसरे, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाचा सेल उतरलेला असला की तारीख काही वर्षे मागे जाते, सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, आणि '२एफ८एफ'ने संपणारा एरर येतो. सेल बदला, तारीख-वेळ आणि भारताचा टाइम झोन लावा. परवाना गेला म्हणून रडत बसलेले मशीन एवढ्यानेही जागेवर येते.

हे झाले की 'सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन' उघडा. तिथे 'एफ२११'ने संपणारा कोड दिसत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की हार्डवेअर बदलले आहे. 'ट्रबलशूट' दाबा, 'आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रीसेंटली' निवडा, संस्थेच्या अकाउंटने साइन इन करा. मशीनची यादी येते. बिघडलेल्या मशीनचे जुने नाव निवडून 'धिस इज द डिव्हाइस आय ॲम यूजिंग राइट नाऊ' या ओळीवर खूण करा आणि 'ॲक्टिव्हेट' दाबा. ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार असलेल्या लॉगिनवरूनच हे करायचे, नाहीतर ट्रबलशूट दिसतच नाही.

इथेही अडते, आणि बहुतेक वेळा एडिशनमुळे. लॅपटॉपच्या बायोसमध्ये होमची की असते, संस्थेने नंतर प्रोचे अपग्रेड घेतलेले असते. नव्याने विंडोज चढवताना इन्स्टॉलर बायोसमधली की वाचतो आणि न विचारता होम टाकतो. मग प्रोचे लायसन्स होमवर कसे बसणार? आधी एडिशन प्रो करून घ्या, मग ट्रबलशूट. दुसरे कारण म्हणजे जुने मशीन मुळात कधी खरोखर ॲक्टिव्हेट नव्हतेच. तिसरे, तेच लायसन्स अनेकदा हलवल्याने मर्यादा संपली. रिटेल की असेल आणि 'सी००८'ने संपणारा कोड आला तर ती की अजून दुसऱ्या मशीनवर नोंदलेली आहे. अशा वेळी 'एसएलयूआय ४' ही आज्ञा देऊन मिळणारा ६३ आकडी इन्स्टॉलेशन आयडी मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हेशन पोर्टलवर द्यायचा आणि येणारा ४८ आकडी कन्फर्मेशन आयडी आठ चौकटींत भरायचा. खरेदीचे बिल हाताशी ठेवा. 'सी००३' आला तर की ब्लॉक आहे, तिथे काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. ज्याने ती विकली त्याच्याकडे जा.

ब्रँडेड लॅपटॉप वॉरंटीत सर्व्हिस सेंटरला गेला असेल तर परत घेताना दोन गोष्टी तिथल्या टेबलावरच तपासा. बायोस उघडून सीरियल नंबर खालच्या स्टिकरशी जुळतो का बघा. मग पॉवरशेलमध्ये '(Get-CimInstance SoftwareLicensingService).OA3xOriginalProductKey' ही ओळ चालवा. विंडोज ८ नंतरच्या ब्रँडेड मशीनमध्ये की बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच भरलेली असते आणि या ओळीने ती पूर्ण दिसते. उत्तर कोरे आले तर नव्या बोर्डात की भरायची राहिली आहे, आणि ती भरून देणे हा बोर्ड बदलण्याचाच भाग आहे. त्याचे वेगळे पैसे देऊ नका. घरी नेल्यावर हे लक्षात आले की पुन्हा महिनाभर चकरा. (जुन्या पुस्तिकांतली 'डब्ल्यूएमआयसी'ची आज्ञा नव्या विंडोज ११ वर बहुधा चालणार नाही, ती मुळातून काढून घेतली आहे.)

महाविद्यालयांतल्या व्हॉल्यूम परवान्याला बोर्ड बदलण्याचे फारसे सोयरसुतक नसते. केएमएस सर्व्हर चालू असेल तर मशीन १६८८ या पोर्टवरून त्याच्याशी बोलते, १८० दिवसांचे ॲक्टिव्हेशन घेते आणि दर सात दिवसांनी ते ताजे करू बघते. बोर्ड नवा असला तरी विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कमध्ये आले की झाले. 'एफ०७४' आला म्हणजे सर्व्हर सापडत नाही : फायरवॉल किंवा डीएनएस बघा. किमान २५ मशीन मोजल्याशिवाय केएमएस कोणालाच ॲक्टिव्हेट करत नाही, आणि सगळी लॅब एकाच डिस्कवरून सिसप्रेप (मशीनची जुनी ओळख पुसणारे विंडोजचे साधन) न चालवता क्लोन केलेली असेल तर तीस मशीन असूनही मोजणी एकच राहते. आणखी एक गोष्ट प्राचार्यांच्या टेबलापर्यंत पोचत नाही : डेस्कटॉपचा व्हॉल्यूम परवाना हा अपग्रेडचा असतो. त्याखाली मशीनचा स्वतःचा मूळ विंडोज परवाना असावाच लागतो. 'कॉलेजकडे व्हॉल्यूम आहे' म्हणून विंडोजशिवाय असेंबल्ड मशीन घेतल्या, तर पडद्यावर सगळे ठीक दिसेल आणि ऑडिटमध्ये अडकाल.

आता आमच्या मागण्या. दरपत्रक मागवताना नुसते 'विंडोज ११ प्रोसह' लिहू नका. 'ओईएम' की 'रिटेल' हे लिहून घ्या आणि बिलावर तसे छापून घ्या. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक संगणकापुढे मशीनचे नाव, एडिशन, परवान्याचा प्रकार, बिल क्रमांक आणि कोणत्या अकाउंटला जोडले, एवढे रकाने वाढवा. असेंबल्ड मशीनच्या स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा, लॅपटॉपच्या पोटावरची अक्षरे तर दोन-तीन वर्षांत पुसली जातात.

एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात 'सॉफ्टवेअर सपोर्ट' असा मोघम शब्द असतो, आणि त्याच शब्दाच्या आडून आमच्याकडून क्रॅक मागितला जातो. त्या जागी स्पष्ट लिहा : बोर्ड बदलण्यापूर्वी रिकव्हरी की आणि परवान्याचा प्रकार नोंदवणे, बदलल्यानंतर ॲक्टिव्हेशन पूर्ववत करणे हे कंत्राटदाराचे काम; परवाना नव्याने घ्यावा लागल्यास खर्च संस्थेचा. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात तो खर्च बोर्डाच्या किमतीशेजारी मांडा. जुन्या मशीनचा बोर्ड आणि नवा परवाना मिळून नव्या मशीनच्या जवळ जात असेल, तर दुरुस्ती करूच नका.

संगणक निर्लेखित करताना त्यावर रिटेल परवाना असेल तर भंगारात देण्याआधी 'एसएलएमजीआर'पुढे 'यूपीके' देऊन की काढून घ्या आणि रजिस्टरमध्ये ती मोकळी झाल्याची नोंद करा. ओईएम परवाना मशीनबरोबर निर्लेखित करा, दुसऱ्या मशीनवर त्याचा स्टिकर चिकटवू नका. आणि हिशेबाच्या मशीनवर टॅली असेल तर बोर्डाला किंवा डिस्कला हात लावण्याआधी त्याचाही परवाना सरेंडर करून घ्या, कारण तोही त्या हार्डवेअरलाच बांधलेला असतो. मार्च अखेरीच्या आठवड्यात बोर्ड बदलायला बोलावणार असाल तर हे काम फोन करण्याआधीच उरकलेले बरे.

आपले,
संगणक दुरुस्ती व देखभाल करणारे तंत्रज्ञ